ढील देणारे रीळ

संक्रांतीच्या सुमारास पतंगांची काटाकाटी तुम्ही पाहिली असेल. पतंगाला अचानक वाऱ्याचा झोत लागला, की कसलेला खेळाडू मांजा आवळून धरीत नाही. तो ढील देतो. मागे उभा असलेला सोबती फिरकीचे दांडे बोटांत सैल सोडतो आणि मांजा सरसर सुटू लागतो. जोर ओसरला, की पुन्हा हळूहळू ओढून घ्यायचे. मांजा तुटू द्यायचा नाही आणि पतंगही हातचा जाऊ द्यायचा नाही, ही सारी करामत कधी धरावे आणि किती सोडावे यात असते.

आता पतंगाच्या जागी पाच-सहा किलोची सुरमई आहे, मांज्याच्या जागी तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी आहे आणि तुम्ही गच्चीवर नसून हलणाऱ्या होडीत उभे आहात, अशी कल्पना करा. गळ लागताच सुरमई बाणासारखी पळत सुटते. तिला जागच्या जागी रोखून धरले, तर दोरी तुटते किंवा तोंडात रुतलेला गळ मांस फाडून निसटतो. दोरी तुटली तर नुसता मासा जात नाही. तोंडात गळ आणि मागे लोंबणारी पन्नास-शंभर मीटर दोरी घेऊन तो जातो. नायलॉन समुद्रात वर्षानुवर्षे कुजत नाही. तेव्हा वेळेवर ढील मिळणे हे माशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

कोकणातले मच्छीमार गरी टाकतात तेव्हा ही ढील ते हातानेच देतात. दोरी एखाद्या लाकडावर किंवा रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेली असते. मासा ओढू लागला, की ती बोटांच्या चिमटीतून सुटू द्यायची. बोटे आणि दोरी यांच्यातील घर्षण हाच त्यांचा ब्रेक. हा ब्रेक उत्तम असतो, पण तो तयार व्हायला अर्धे आयुष्य जाते. ज्याला सराव नाही त्याची बोटे पहिल्याच झटक्यात कापतात. म्हणून मालवण, रत्नागिरी, अलिबाग अशा ठिकाणी वर्षातून तीन-चार वेळा हौसेने होडीतून मासे धरायला जाणाऱ्या माणसाला काठी आणि रीळ लागते. दुकानात रिळांचे पन्नास प्रकार मांडलेले असतात आणि प्रत्येक खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांतले कोणते आकडे कामाचे आणि कोणते नुसते दिखाऊ, हे शाळेत शिकलेल्या विज्ञानाच्या आधारे ठरविता येते का ते आपण पाहू.

दोन जाती

रीळ ही काही नवी वस्तू नाही. मा युआन या चिनी चित्रकाराने बाराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या एका चित्रात, होडीत बसून मासे धरणाऱ्या माणसाच्या काठीवर छोटे रीळ दिसते. आज बाजारात मिळणाऱ्या रिळांच्या मुख्यतः दोन जाती आहेत.

पहिल्या जातीत विहिरीच्या रहाटाप्रमाणे फिरकी स्वतःच फिरते आणि दोरी तिच्यावर सरळ गुंडाळली जाते. हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे चार-पाच फेरे व्हावेत म्हणून आत दंतचक्रे असतात. यालाच मल्टिप्लायर म्हणतात. दुसऱ्या जातीत फिरकी स्थिर असते आणि तिच्याभोवती एक दांडी फिरून दोरी गुंडाळते. दुकानात याला स्पिनिंग रील म्हणतात. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे लोकरगिरणी-मालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली या जातीच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणी आणि गळ यांचा संबंध काय, असे तुम्हांला वाटेल. मागावरच्या धोट्यातील कांडी आठवा. कांडी फिरत नाही, तरी सूत तिच्या टोकावरून झरझर सुटत जाते. स्थिर फिरकीवरून दोरी सुटते ती अगदी तशीच.

फिरणाऱ्या फिरकीला जडत्व असते. शिसे तळाला टेकून दोरी थांबली तरी फिरकी फिरतच राहते आणि सुटी दोरी तिच्याभोवती गुंतून मोठे जंजाळ होते. ते टाळण्यासाठी अंगठा फिरकीवर हलका टेकवून ठेवावा लागतो. स्थिर फिरकीत ही भीती नाही. पण तेथे दोरी छोट्या रोलरवरून काटकोनात वळते, त्यामुळे थोडा जोर वाया जातो. शिवाय दुसरा एक दोष आहे. मासा दोरी ओढून नेत असताना नवखा माणूस घाईने हँडल फिरवीत राहतो. दोरी तर आत येत नाही, पण दांडीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक दोरीला एक पीळ बसतो. गुणोत्तर ५ असेल, तर हँडलच्या दहा फेऱ्यांत पन्नास पीळ! पुढच्या खेपेला तीच दोरी वेटोळी होऊन गाठी पाडते. तेव्हा ढील सुटत असताना हँडल फिरवायचे नाही, हा नियम स्पिनिंग रीळवाल्याने पाठच करावा.

नांगरलेल्या होडीतून शिसे सरळ खाली सोडून हेकरू किंवा तांबोशीची वाट पाहायची असेल, तर दोरी लांब फेकावीच लागत नाही. खाली सोडताना अंगठ्याने फिरकी सहज आवरता येते. अशा मासेमारीला साधा मल्टिप्लायर फार चांगला. त्याची बांधणी सरळ आणि दणकट असते. पण एकच रीळ घ्यायचे आहे, त्यानेच कधी तळाशी आणि कधी दूर फेकून पृष्ठभागावर मासे धरायचे आहेत, आणि हाताला सराव नाही, अशी स्थिती असेल तर मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ बरे. हौशी माणसांपैकी बहुतेक याच दुसऱ्या वर्गात मोडतात, असे मला वाटते.

रोध म्हणजे काय?

आता मुख्य भागाकडे वळू. फिरकीला धरून ठेवणाऱ्या घर्षणाच्या यंत्रणेला गळवाले ड्रॅग म्हणतात. आपण तिला रोध म्हणू. फिरकीच्या पोटात चकत्यांची चळत असते. एक चकती धातूची, एक फेल्ट किंवा कार्बन तंतूंची, पुन्हा एक धातूची. एक चाकी आवळली, की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि घर्षण वाढते. दोरीवरचा ताण या घर्षणापेक्षा जास्त झाला, की फिरकी घसरते आणि दोरी सुटते. पतंग उडविणाऱ्याच्या सोबत्याची बोटे ती हीच!

ही युक्ती निघण्यापूर्वी मासा पळाला, की फिरकीबरोबर हँडलही उलटे गरगरा फिरे आणि बोटांची हाडे मोडत. अमेरिकेतील विल्यम बॉशेन या हौशी गळवाल्याच्या कल्पनेवरून आत रोध असलेले मोठे रीळ तयार झाले आणि १९१३ साली त्याने कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटापाशी काठीने प्रचंड तलवारमासा धरला.

रोध किती ठेवावा? दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. दोरी १० किलोचा भार सोसणारी असेल, तर रोध सुमारे ३ किलो. एवढी सूट कशासाठी, ते पुढे कळेलच. एक कारण आताच सांगतो: गाठ मारली, की दोरी त्या जागी कमकुवत होते. खोक्यावर 'कमाल रोध १५ किलो' असे छापलेले रीळ घेऊन ३ किलोवरच वापरायचे असेल, तर त्या पंधरांचा उपयोग काय?

आणि समजा, दोरीही भक्कम घेतली. मग तुमच्या हातांचे काय? काठी ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. बुंधा पोटाशी टेकलेला, तो टेकू. टोकाला माशाचा भार. मध्ये तुमचा हात, ते बल. काठी २ मीटर लांब असून पुढचा हात बुंध्यापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर टोकाशी काटकोनात लागणाऱ्या ३ किलोच्या ताणासाठी हाताला ३ × २ ÷ ०.५ म्हणजे १२ किलोचा जोर लावावा लागेल. काठी वाकते म्हणून प्रत्यक्षात तो थोडा कमी पडतो. पंधरा किलोच्या रोधाला हाच हिशेब ६० किलोवर जातो. डोलणाऱ्या होडीत असा जोर लावणारा गडी माशाआधी स्वतःच पाण्यात जाईल.

म्हणजे रोध किती मोठा यापेक्षा तो किती एकसारखा, हे पाहिले पाहिजे. जड पेटी ढकलताना ती हलेपर्यंत जास्त जोर लागतो, एकदा सरकली की कमी पुरतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते. रिळातही हेच घडते. रोध ३ किलोवर ठेवला तरी फिरकी सुटताना पहिल्या क्षणी ४ किंवा ५ किलोचा झटका बसू शकतो, आणि दोरी बहुधा याच क्षणी तुटते. चकत्या चांगल्या असतील तर हा फरक फार थोडा असतो.

याची परीक्षा घेणे मुळीच अवघड नाही. शिक्षकांनी प्रयोगशाळेतील तानकाटा घ्यावा. दोरीचे टोक त्याच्या आकड्याला बांधावे, एका विद्यार्थ्याने तानकाटा घट्ट धरावा, दुसऱ्याने काठी व रीळ घेऊन हळूहळू मागे जावे. फिरकी सुटते त्या क्षणी काटा कुठे असतो आणि सुटत असताना कुठे स्थिरावतो, याची नोंद करावी. असे दहा वेळा करावे. दोन आकडे जवळजवळ असतील आणि काटा थरथरत नसेल, तर रीळ चांगले. विकत घेतानाही दुकानात हा प्रयोग करू द्यावा असा आग्रह धरायला हरकत नाही.

घर्षणाबरोबर उष्णता आलीच. ३ किलो-भार म्हणजे सुमारे ३० न्यूटन. एवढ्या बलाविरुद्ध माशाने १०० मीटर दोरी ओढून नेली तर कार्य झाले ३००० ज्यूल. हे सगळे चकत्यांमध्ये उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. मासा सेकंदाला ५ मीटर वेगाने पळाला तर हा प्रकार २० सेकंदांत उरकतो. म्हणजे शक्ती १५० वॅट. चकत्या आणि त्यांना लागून असलेले अॅल्युमिनियम मिळून ५० ग्रॅम धरा. अॅल्युमिनियमची विशिष्ट उष्णता ०.९ ज्यूल प्रतिग्रॅम प्रतिअंश आहे. उष्णता बाहेर मुळीच गेली नाही असे मानले, तर तापमान ६७ अंशांनी वाढेल. दुपारच्या ३० अंशांत ते मिळविले, की पाणी उकळण्याच्या जवळ आपण पोहोचतो! प्रत्यक्षात काही उष्णता पसरून जाते. तरीही गरम झाल्यावर ज्यांचे घर्षण बदलते अशा स्वस्त चकत्या नेमक्या ऐन वेळी दगा देतात. कार्बन तंतूंच्या चकत्या या बाबतीत खात्रीच्या ठरल्या आहेत.

फिरकी लहान होत जाते

आता एक गंमत पाहा. तुम्ही रोधाची चाकी जराही हलविली नाही, चकत्याही उत्तम आहेत. तरी मासा दूर जाऊ लागला, की दोरीवरचा ताण आपोआप वाढतो. असे का व्हावे?

चकत्या बल ठरवीत नाहीत, त्या परिबल ठरवितात. परिबल म्हणजे बल गुणिले त्रिज्या. भरलेल्या फिरकीची त्रिज्या ३ सें. मी. आणि ताण ३ किलो असेल, तर परिबल ९. दोरी सुटत गेली, की थर कमी होऊन त्रिज्या घटते, पण परिबल ९ च राहते. त्रिज्या २ सें. मी. झाली, की ताण ४.५ किलो, १.५ सें. मी. झाली, की ६ किलो, म्हणजे दुप्पट!

त्रिज्या २ सें. मी. केव्हा होते? फिरकीवरची दोरी बाहेरच्या आणि आतल्या वर्तुळांमधील कड्यात भरलेली असते, म्हणून तिची लांबी त्रिज्यांच्या वर्गांच्या वजाबाकीच्या प्रमाणात असते. फिरकीचा रिकामा गाभा १.५ सें. मी. त्रिज्येचा व एकूण दोरी २५० मीटर धरा. भरलेली असताना ९ − २.२५ = ६.७५. त्रिज्या २ झाल्यावर ४ − २.२५ = १.७५. म्हणजे दोरी उरली सुमारे ६५ मीटर आणि गेली १८५ मीटर. त्यातच पाण्यात ताणलेल्या १८५ मीटर दोरीला पाण्याचा विरोध होतो, तो निराळा. मघाशी तिसऱ्या हिश्श्याचा नियम सांगितला, त्यातील सूट येथे खर्ची पडते.

आता दुसरी फिरकी घ्या. रुंदी तीच, पण गाभा जाड, २.५ सें. मी. त्रिज्येचा, आणि भरलेली त्रिज्या ३.५ सें. मी. हिच्यात दोरी थोडी कमी, २२२ मीटरच मावते. पण तीच १८५ मीटर दोरी गेल्यावर तिची त्रिज्या सुमारे २.७ सें. मी. उरते आणि ताण जेमतेम ३.९ किलोपर्यंत चढतो. पहिल्या फिरकीत तो ४.५ झाला होता. कोकण किनाऱ्याजवळ हौशी मंडळी जातात तेथे पाणी बहुधा वीस-तीस मीटर खोल असते, मग दोनशे मीटर दोरी कशाला, असे काही जण विचारतात. मासा खाली जात नाही, आडवा पळतो, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर आपण आताच काढले.

याच ओघात हँडलचेही गणित उरकू. त्रिज्या ३ सें. मी., गुणोत्तर ५, तर हँडलच्या एका फेऱ्यात ३ × २ × ३.१४ × ५ म्हणजे सुमारे ९४ सें. मी. दोरी आत येते. पंचवीस मीटरवरून शिसे वर आणायला सत्तावीस फेरे पुरतात. पण वेग वाढविला, की जोर गमवावा लागतो. हँडलची दांडी ६ सें. मी. असेल, तर ३ किलोच्या ताणाविरुद्ध ३ × ३ × ५ ÷ ६ म्हणजे ७.५ किलोचा जोर बोटांना लावावा लागेल. गुणोत्तर ४ असेल तर ६ किलो, ६ असेल तर ९ किलो. म्हणून जाणते लोक मासा हँडलने ओढीतच नाहीत. काठी सावकाश वर उचलून मासा जवळ आणतात आणि काठी खाली करताना सैल झालेली दोरी तेवढी गुंडाळून घेतात. ४ ते ५ च्या दरम्यानचे गुणोत्तर होडीवरच्या संथ मासेमारीला पुरेसे आहे.

दोरीबद्दल दोन शब्द. नायलॉन तुटण्यापूर्वी बरेच ताणले जाते, म्हणून ते स्प्रिंगसारखे झटके सोसते. हल्ली पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी मिळते. ती त्याच ताकदीला पुष्कळ बारीक असते, पण ताणली जात नाही, म्हणून तिच्याबरोबर रोध अगदी मऊ सुटणारा हवा. ती हाताला गुंडाळून कधीही ओढू नये, सुरीसारखी कापते. नवख्याने नायलॉनच वापरावे.

कपाटातला शत्रू

वर्षातून चार दिवस रीळ समुद्रावर जाते आणि उरलेले तीनशे एकसष्ट दिवस कपाटात असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याला कोणी हातही लावीत नाही. रोज वापरले जाणारे रीळ झिजून मरते. हौशी माणसाचे रीळ मात्र बहुधा कपाटात मरते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळले तरी क्षार मागे राहतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील खड्या मिठाला पाणी सुटते हे तुम्ही पाहिले आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि ते हवेतील ओलावा भराभर ओढून घेते. रिळावरचा मिठाचा पातळ थरही असाच ओला होतो आणि ओलाच राहतो. रिळाचे शरीर अॅल्युमिनियमचे, स्क्रू पोलादाचे, एखादे दंतचक्र पितळेचे. दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये मिठाचे पाणी, म्हणजे झाला विद्युत् घट! त्यात अॅल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी होते आणि ऑक्टोबरात स्क्रू फिरता फिरत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. घरी येताच रोधाची चाकी आवळावी, म्हणजे पाणी चकत्यांत शिरणार नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार वरून सोडावी. नळी लावून जोराचा फवारा मारू नये, त्याने मीठ उलट आत ढकलले जाते. पुसून सावलीत वाळवावे, हँडलच्या सांध्यावर तेलाचा थेंब द्यावा आणि शेवटी रोध पूर्ण सैल करून ठेवावा. आवळलेल्या चकत्या महिनोन्‌महिने दबून राहिल्या, की चिकटतात आणि मग पहिल्या झटक्याला दोरी तुटते.

रीळ निवडतानाही हेच ध्यानात ठेवावे. रोधाच्या चकत्या पाण्यापासून सीलबंद आहेत का, हे विचारावे. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे रीळ हातात फुलासारखे हलके लागते, पण खाऱ्या पाण्यात ते सर्वांत आधी खराब होते. विसराळू माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. प्लॅस्टिकचे शरीर गंजत नाही, मात्र ताण पडल्यावर किंचित वाकते आणि दंतचक्रांचे दाते एकमेकांत नीट बसत नाहीत. ऑक्साइडचा जाड थर चढविलेले अॅल्युमिनियम हा मधला मार्ग झाला. त्यावर ओरखडे मात्र पडू देऊ नयेत. खोक्यावर दहा बेअरिंगची फुशारकी असली तर भुलू नका. प्रत्येक उघडे बेअरिंग म्हणजे गंजायची आणखी एक जागा. चार सीलबंद बेअरिंगे भरपूर झाली. वाचलेले पैसे चांगल्या चकत्यांवर खर्च करावेत.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एका रिळाच्या भरलेल्या फिरकीची त्रिज्या ४ सें. मी., गाभ्याची २ सें. मी. आणि दोरी ३०० मीटर आहे. भरलेली असताना रोध ४ किलोवर ठेवला. माशाने २०० मीटर दोरी नेली, तर आता ताण किती? दोरी १० किलोची असून गाठीमुळे तिची ताकद ८ किलोच उरली आहे. मासा आणखी ५० मीटर गेला, तर दोरी टिकेल का? पाण्याचा विरोध हिशेबात धरू नका. ज्यांना धरावासा वाटेल त्यांनी तो कसा मोजता येईल यासाठी एखादा प्रयोग सुचवावा.

(पहिल्या प्रश्नाचे उत्तर: सुमारे ५.७ किलो.)